महाराष्ट्र शासनाने काढलेला फोटो

"सरकारच्या कपाटात असा एकही कागद नाही, जो मी पाच मिनिटांत बाहेर काढू शकत नाही!"

जानेफळच्या बसस्टँडसमोर सेतू केंद्र चालवणारा प्रसेनजित हिवराळे हे वाक्य दिवसातून निदान चार वेळा म्हणायचा, आणि तो थापा मारत नव्हता. सातबारा म्हणा, उत्पन्नाचा दाखला म्हणा, याची बोटं कीबोर्डवर पडायचा अवकाश की प्रिंटर कुरकुरायला लागलाच! गावातल्या सिंधूताईंचा जन्माचा दाखला तर त्याने असा हुडकून काढला की बाई स्वतःला समजत होत्या त्यापेक्षा सहा वर्षांनी लहान निघाल्या. त्याच दिवशी त्यांनी हातातली काठी सोडली!

पण या पठ्ठ्याला स्वतःच्याच घरातली एक वस्तू काही केल्या मिळत नव्हती. वडिलांचा उघड्या डोळ्यांचा फोटो.

त्याचे वडील गुलाबराव हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, एक अपघात नाही, एक दंड नाही. त्याबद्दल महामंडळाने छातीवर लावायला बिल्ला दिलेला. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी रस्त्यावरून नजर हटवली नाही, ते डोळे समोर कॅमेरा आला की मिटायचे! साधेसुधे नाही, साबण गेल्यासारखे गच्च! लग्नाच्या फोटोत मिटलेले. निवृत्तीच्या सत्कारात शाल मिटल्या डोळ्यांनी घेतलेली. आधार कार्डाच्या वेळी अकरा प्रयत्नांनंतर ते अर्धवट उघडले, त्यामुळे कार्डावर गुलाबराव नुकतेच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखे दिसतात.

"लग्नाले अठ्ठेचाळीस वर्षं झाले," जनकाबाई, म्हणजे प्रसेनजितची आई, म्हणायची, "पन फोटोत यायनं माह्याकडे एकदाबी पाह्यलं नाही."

आता येत्या एक जूनला गुलाबरावांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. (गावातल्या त्यांच्या वयाच्या झाडून सगळ्यांचा वाढदिवस एक जूनलाच असतो, शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींची कृपा!) विहाराच्या पोरांनी चौकात दहा फुटी फ्लेक्स लावायचं ठरवलं. तेव्हा जनकाबाई लेकाला म्हणाली, "फ्लेक्सवर तरी यायचे डोळे उघडे पाह्याले भेटले पाह्यजे. बाकी मले काही नोको."

ही बाई आयुष्यात कुणाकडे काही मागत नाही. तिने मागितलं ते हे! प्रसेनजितच्या काळजात लागलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात त्याच्या मोबाईलवर ई-चलान आलं. खामगावच्या एका चौकातल्या कॅमेऱ्याने त्याची मोटरसायकल टिपली होती. गुन्हा: मागे बसलेल्याने हेल्मेट घातलेलं नाही. प्रसेनजितने वैतागून लिंक उघडली, आणि तो खुर्चीतच थिजला.

फोटोत पुढे तो स्वतः होता, म्हणजे एक काळं हेल्मेट. आणि त्याच्या खांद्यावरून दिसत होते गुलाबराव! बोडकं डोकं, केस वाऱ्यावर, उपरणं उडतंय, डोळे टक्क उघडे! आणि हसतायत! असे हसतायत की शिल्लक राहिलेले दात मोजून घ्यावेत!

प्रसेनजितने तारीख बघितली, आणि त्याला तो दिवस आठवला.

त्या दिवशी बापलेक खामगावहून जनकाबाईचा रिपोर्ट घेऊन परत येत होते. जानेवारीत तिच्या मानेला गाठ आली होती. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, आणि आठ दिवस घरात भांड्याचाही आवाज झाला नाही. गुलाबराव तर मुके झाले होते. मग डॉक्टर म्हणाले, "काही नाही, साधी गाठ आहे." त्यावर गुलाबराव म्हणाले, "बरं." एवढंच! गाडीवर मागे बसले, जानेफळ येईपर्यंत ब्र काढला नाही, आणि घरी पोचल्यावर बायकोला म्हणाले, "काही नाही म्हंते डॉक्टर. चहा ठेव."

आणि इकडे पाठीमागे हा सोहळा चालला होता! वीतभर अंतरावर! आणि गाडी चालवणाऱ्या पोटच्या पोराला पत्ता नाही! मेहकरच्या तीन स्टुडिओंनी ज्यापुढे हात टेकले, ते सरकारच्या एका खांबाने करून दाखवलं. प्रसेनजितने मनातल्या मनात त्या खांबाला जयभीम घातला.

बाबांना मात्र त्याने सांगितलं नाही. आपण हसलो याचा पुरावा आहे हे कळलं असतं, तर त्यांनी त्याच मिनिटाला दंड भरून प्रकरण मिटवून टाकलं असतं.

फोटो मोबाईलमध्ये घेऊन तो मेहकरच्या फ्लेक्सवाल्या ऋत्विककडे गेला. ऋत्विकने दोन बोटांनी फोटो ताणला आणि मान हलवली. "भाऊ, हा टिकलीएवढा फोटो आहे. दहा फुटाले नेला त बाबाच्या तोंडावर फरशी बसवल्यासारखी दिसन. मोठा आन."

मोठा फोटो कुठे? वाहतूक शाखेत! प्रसेनजित तिकडे धावला. तिथले हवालदार म्हणाले, "मूळ फोटो असा देता येत नाही हो. तो पुरावा आहे. केस कोर्टात गेली तर तिथं हजर करतो."

"कोर्टात कधी जाईल?"

"दंड भरला नाही तर जाईल."

"मग मी भरत नाही!"

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. केस कोर्टात पाठवू नका म्हणून पाया पडणारे त्यांनी ढीगभर पाहिले होते. पाठवा म्हणून हात जोडणारा हा पहिलाच!

मग लोकअदालतीची नोटीस आली. या, थोडक्यात भरा, मोकळे व्हा. प्रसेनजित गेला नाही! त्याची बायको सुवर्णा कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, अर्ध्यात मिटून राह्यलं होतं ना!"

"मिटवाचं कोणाले आहे? डोळे उघडे पाह्यजेत!"

रोज सकाळी केंद्र उघडलं की प्रसेनजित आधी कोर्टाची वेबसाईट लावायचा. जिल्हा बुलडाणा. न्यायालय खामगाव. पक्षकाराचं नाव. मग ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखा. आणि शेवटी: नोंद आढळली नाही. लोक पेपरात राशिभविष्य बघतात, हा आपली केस बघायचा. पाच मिनिटांत कागद काढणारा माणूस दोन महिने एका कागदाची वाट बघत बसला होता!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पडद्यावर ओळ उमटली:

महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रसेनजित गुलाबराव हिवराळे.

प्रसेनजित आपोआप उठून उभा राहिला. बापरे! एका बाजूला अख्खं महाराष्ट्र शासन! मंत्रालय, पोलीस, सगळी धरणं, सगळे रस्ते! आणि दुसऱ्या बाजूला जानेफळचा एकटा तो! त्याला एवढं मोठं आजवर कुणीच समजलं नव्हतं.

"लागली!" तो ओरडला. "माह्यी केस लागली!"

दाखल्यासाठी बसलेल्या लोकांना वाटलं, नोकरी लागली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर पेढे मागितले. संध्याकाळपर्यंत खरी बातमी गावभर झाली, आणि पारावर पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. गुलाबरावचा पोरगा आरोपी आहे! मुंबईचं सरकार त्याच्या मागं लागलं आहे!

गुलाबराव घरी आले ते तणतणतच.

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं एक चलान नाही मले! आन् तू कोर्टात? काय केलं बे तू?"

"बाबा, काही नाही. हेल्मेटची केस आहे."

"हेल्मेटच्या केसीले सारं शासन येते काय? मले येडा समजतं का?"

सुवर्णाने चहा आणला, तो प्रसेनजितने त्यांच्या पुढे केला. गुलाबरावांनी तोंड फिरवलं. "आरोपीच्या हातचा चहा मी पेत नाही!"

तारखेच्या दिवशी प्रसेनजित इस्त्रीचा शर्ट घालून खामगावच्या कोर्टात हजर. सोबतीला वकील अनुपमाताई. त्यांनी त्याला तीनदा बजावलं होतं, "भाऊ, तुम्ही फक्त 'कबूल' म्हणायचं. जास्त एक शब्द नाही."

पुकारा झाला. न्यायाधीश साहेबांनी वर न बघताच विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल, साहेब! अगदी मनापासून कबूल!"

"दंड भरा. पुढचे?"

"भरतो, साहेब. पण आधी पुरावा दाखवा."

साहेबांनी आता वर बघितलं. "गुन्हा कबूल केल्यावर पुरावा कशाला? प्रकरण संपलं."

संपलं? दोन महिने ज्याची वाट पाहिली ते असं एका शब्दात संपणार?

"मग नाकबूल!" तो ओरडला.

अनुपमाताईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, एक काहीतरी ठरवा. मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातलेलं नव्हतं, की होतं?"

एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "साहेब, मी बोलू काय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. गुलाबराव! पहाटेच्या एसटीने एकटेच आलेले, खाकी शर्ट कपाटातून काढून घातलेला, आणि छातीवर तो बिल्ला! आरोपीच्या हातचा चहा न पिणारा बाप आरोपीची बाजू मांडायला पन्नास किलोमीटर आला होता.

"साहेब, मी याचा बाप. ड्रायव्हर आहो. एकतीस वर्षं बिगर अपघात. माह्या पोट्ट्यानं काही नाही केलं, साहेब. त्याच्या मांगं जो कोनी टवाळ बसला असन, त्याले पकडा! सजा त्याले द्या!"

"त्या टवाळाला?" साहेबांनी विचारलं.

"हाव! बिगर हेल्मेटचा बसतेच कसा तो? अशाईनंच अपघात होतात!"

प्रसेनजित जमिनीकडे बघत राहिला. सरकारी वकिलांनी फाईलमधून एक मोठा छापील फोटो काढून साहेबांकडे दिला. साहेबांनी फोटो पाहिला. मग गुलाबरावांकडे पाहिलं. परत फोटो, परत गुलाबराव.

"आजोबा," ते हळू म्हणाले, "टवाळ सापडला."

फोटो गुलाबरावांच्या दिशेने वळवला गेला. त्यांनी तो लांबून, क्षणभर, जेमतेम पाहिला असेल नसेल, मान खाली घातली आणि छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला. कोर्टात हशा पिकला. साहेबांनी हात वर केला तसा तो थांबला.

"एवढा कसला आनंद झाला होता?" साहेबांनी प्रसेनजितला विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रसेनजितने सगळं सांगून टाकलं. गाठ, आठ दिवस, रिपोर्ट, "बरं", चहा. आईला बाबांचे उघडे डोळे बघायचेत, आणि हा एवढा एकच फोटो जगात आहे, तोही शासनाच्या ताब्यात!

सरकारी वकिलांनी फोटो परत हातात घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. पट्टेवाले भाऊराव पुढच्या केसचा पुकारा करायला उभे होते, ते पुकारा विसरून फोटोकडेच बघत राहिले. एक माणूस एवढा आनंद कुणालाही न सांगता जानेफळपर्यंत नेऊ शकतो, याचं सगळ्यांनाच अप्रूप वाटत होतं. गुलाबराव तेवढे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"दंड भरा," साहेब शेवटी म्हणाले. "आणि तातडीच्या नकलेचा अर्ज करा. आज मिळेल." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "आजोबा, पुढच्या वेळी हेल्मेट घालून हसा."

संध्याकाळी मोठा, स्वच्छ फोटो प्रसेनजितच्या हातात आला. कोपऱ्यात गोल शिक्का, खाली सही आणि छापलेलं: खरी नक्कल. वडील हसले होते हे आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टात सिद्ध करता आलं असतं!

घरी आल्याबरोबर त्याने तो जनकाबाईच्या हातात दिला. गुलाबराव चप्पल न काढताच मागच्या दाराने गोठ्याकडे गेले.

जनकाबाईने फोटो दारातल्या उजेडात धरला. मग तिने बोटाने तारीख दाखवली. "हे माह्या रिपोर्टाच्या दिवशीचं?"

"हाव, आई."

"मले त वाटलं होतं," ती म्हणाली, "यायले काहीच नाही वाटलं म्हून."

पदराने डोळे पुसून तिने तो फोटो पेटीत, जरीच्या लुगड्याच्या घडीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आई, तो फ्लेक्ससाठी आणला ना! दोन महिने कोर्टाच्या मागं लागलो मी!"

"हा चौकात लावाचा नाही. हा माह्यावाला आहे."

सुवर्णाने समजावलं, ऋत्विकने तर खास जानेफळला येऊन समजावलं. बाई ऐकेना! शेवटी एक जूनला चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला तो निवृत्तीच्या सत्काराच्या फोटोचा. शाल, नारळ आणि गच्च मिटलेले डोळे. लोक म्हणाले, गुलाबराव ध्यानाला बसल्यासारखे छान दिसतात.

त्या संध्याकाळी, खीर खाऊन झाल्यावर, गुलाबराव पेटीजवळ घुटमळले.

"ऐकतं का? मले त दाखव एकडाव. कोर्टात मी नीट पाह्यलाच नाही."

"तुमाले कायले पाह्यजे?" जनकाबाई म्हणाली. "तुमी त त्या दिवशी तिथं होते. मी नव्हती."

यावर गुलाबराव म्हणाले, "बरं."

मग ते उठून चौकात गेले, आपल्याच दहा फुटी मिटलेल्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं, आणि पोटभर हसले म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, पुरावा कुठून आणणार? जानेफळच्या चौकात अजून सरकारी कॅमेरा बसलेला नाही!