वत्सलाअक्कांचा झळांचा तक्ता

बोलता बोलता आमच्या वत्सलाअक्का मध्येच गप्प व्हायच्या. कान लालबुंद, वरच्या ओठावर घाम. अशा वेळी कुठलीही बाई पंखा शोधते. या घड्याळ बघायच्या. मग अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून कागदावर टिपायच्या. "साडेचार मिनिटं. दुसरी प्रत."

कानडी मुलखात, चामराजपेटला आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्या भाड्याने राहायच्या. मूळच्या निपाणीच्या. लग्न केलेलं नाही. नोकरी रेशीम तपासणीची. कच्चं रेशीम काळ्या फळीवर गुंडाळायचं, अंधाऱ्या खोलीत एकाच दिव्याखाली धरायचं आणि धागा कुठे जाड, कुठे बारीक ते नजरेनेच पाहून त्याची प्रत ठरवायची. बावीस वर्षं हेच. त्यामुळे जगात प्रत नसलेली वस्तू त्यांना मान्यच नव्हती. माझ्या उपम्याला त्या "तिसरी, पण सुधारेल" म्हणायच्या. माझ्या नवऱ्याची प्रत मी विचारली नाही.

पाळी जायच्या वयात या झळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या वयात होतंच." अक्का चिडल्या. "होतं ते मलाही ठाऊक आहे. केवढं होतं ते कोण मोजणार?"

चिडायला कारण होतं. फळीच्या खोलीत पंखा लावत नाहीत, धागे उडतात. आणि घामेजलेलं बोट लागलं की रेशमावर डाग. दोन लडी बिघडल्यावर साहेबांनी अक्कांना फळीवरून काढून आवक-जावकच्या खिडकीत बसवायचं ठरवलं. अक्कांचं मागणं एवढंच, की झळ आली की पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या. "पण एकट्या बाईचं रडगाणं कोण ऐकतो? तक्ता पाहिजे."

म्हणून गल्लीतल्या सहा बायकांना त्यांनी कागद वाटले. रकाने चार: कधी, किती मिनिटं, कुठली प्रत, काय अडलं. पदराने वारा घेऊन भागलं तर पहिली प्रत. हातातलं काम खाली ठेवावं लागलं तर दुसरी. माणसांतून उठून जावं लागलं तर तिसरी.

"अंग किती तापलं ते डॉक्टरांना सांग. मला सांग, काय अडलं?" हे त्यांचं पालुपद.

शेजारच्या सरोजम्मा लाजून चूर झाल्या. "अय्यो अक्का, असलं कुणी लिहितं काय? स्वल्प गरम होतं, मग सरी होतं, बरं वाटतं."

"काय अडलं?"

"काही नाही हो. नातवाला मांडीवरून खाली ठेवलं, तो रडला."

"दुसरी प्रत," अक्का म्हणाल्या आणि लिहूनही मोकळ्या झाल्या.

त्या सहांत मी शिकलेली, म्हणून जास्त खोटारडी. आठवड्याचा कागद मी रविवारी एका बैठकीत भरला, नव्याने घेतलेल्या केबलवर सिनेमा बघत. प्रत्येक झळ तीन मिनिटं, पहिली प्रत, काही अडलं नाही. अक्कांनी कागद दिव्याखाली धरला.

"सुमन, एवढा एकसारखा धागा किड्यालाही काढता येत नाही गं."

मी म्हटलं, "खरं लिहून तरी काय होणार आहे, अक्का?"

त्या गप्प झाल्या. मला वाटलं, झळ आली. पण त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

सहा बायकांचा आणि स्वतःचा मिळून तक्ता त्यांनी रूळ धरून आखला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब तिशीतले. पहिल्याच ओळीवर तेच लाल झाले. कागद पालथा घालून परत देत म्हणाले, "मॅडम, आरामाची जागा देतोय ना तुम्हाला." सोमवारपासून खिडकी. तिथे पंखा होता, अगदी डोक्यावर.

त्याच आठवड्यात अक्कांनी सगळ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "रद्दीत घाल."

मी तो उघडला, तो आधी माझा खोटा कागद फाडून टाकायला. त्याच्या मागे अक्कांनी बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मंगळवार, फोडणी करपली. गुरुवार, मुलीवर ओरडली, मग न्हाणीघरात जाऊन रडली. तिसरी प्रत. सांगत नाही.' त्यांच्या खोलीत आणि आमच्या घरात भिंत एकच होती.

त्याखाली अक्कांचा स्वतःचा कागद. ऑफिसच्या वेळेतले रकाने गच्च भरलेले: फळी खाली ठेवली, लड पुन्हा गुंडाळली, व्यापारी ताटकळला. संध्याकाळी सहानंतर, घरी, अकरा मिनिटं. काय अडलं: काही नाही. नऊ मिनिटं. काही नाही. रोज सहानंतर तेच, त्याच वळणदार अक्षरात.

शेवटची ओळ तक्ता परत आल्यानंतरची होती. तो आता कुणाला दाखवायचाही नव्हता.

'सोमवार, सकाळी साडेदहा. ऑफिस, खिडकी. बारा मिनिटं. काय अडलं: काही नाही.'