व्यक्तिशः ओळखीचें वर्तमान

॥ शाईस नमन, शिक्क्यास नमन, आणि दोहोंआधीं उमटणाऱ्या अंगठ्यास नमन ॥

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, वार सोमवार. ते दिवशीं एका राज्यांत जें जाहलें तें येणेंप्रमाणें. राज्याचें नांव लिहिण्याचें कारण नाहीं. त्या राज्यांत जागेची विक्री व्हावयाची ती नोंदणीच्या दरबारांत व्हावी, आणि देणारानें जातीनें हजर राहावें, आणि कार्ड दाखवावें, आणि यंत्रावर अंगठा ठेवावा, ऐसा कायदा होता. यंत्र ठसा घेत असे. ठसा कोणाचा, हें विचारीत नसे. तें काम दोन ओळखदारांकडे होतें. त्यांनीं "देणारास आम्ही व्यक्तिशः ओळखतो" ऐशा छापील ओळीखालीं सही करावी, मग ओळख पटली.

दरबाराच्या दारीं चहाच्या टपरीपाशीं सोपानराव उंडे म्हणून ओळखदार बसत. वय पन्नास, खिशास दोन पेनें. एकोणीस वर्षांत त्यांनीं अकरा हजारांवर माणसांस व्यक्तिशः ओळखलें होतें. कामाची रीत ऐसी कीं दलालानें बोलवावें, मग सोपानरावांनीं चहा निम्मा ठेवून आंत जावें, आणि ओळ पाहून सही करावी, आणि चहा निवण्याआधीं परत यावें. माणसाच्या तोंडाकडे पाहण्याची रीत नव्हती. पाहिल्यास चहा निवत असे.

ते दिवशीं एक दलाल एका बाईस घेऊन आला. कार्डावर नांव चंपावती कोंडिराम ढोबळे, वय एकाहत्तर. नदीकडच्या वस्तींतील दोन गुंठे जागा व तीवरील पत्र्याचें घर यांची मालकीण. फोटो बाईंचाच, अंगठा स्वच्छ. सोपानरावांनीं सही केली, आणि दुसऱ्या ओळखदारानें केली, आणि निबंधक सबनीस मॅडम, ज्यांस त्या दरबारीं येऊन आठवडा जाहला होता, त्या शिक्का उचलणार इतक्यांत दारांतून दुसरी चंपावती कोंडिराम ढोबळे आली. हातीं प्लास्टिकची पिशवी. तींत कार्ड, तेंच नांव, तोच क्रमांक, फोटो हिचा. सकाळीं कोणी टेप घेऊन हिचें घर मोजावयास आले, आणि आज नोंदणी आहे म्हणाले, म्हणून ती पायीं चालत आली होती.

"माझं घर विकताय, आणि मलाच पत्ता नाही?" ऐसें ती बोलली. त्यावर दलाल म्हणाला, "मॅडम, अशा पिशव्या घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. तुम्ही शिक्का मारा." मॅडमनीं शिक्का खालीं ठेविला, आणि नव्या बाईचा अंगठा यंत्रावर ठेवविला. यंत्रानें ठसा नाहीं म्हणून दाखविलें. मग अंगठा पुसून ठेविला, मग ओला करून, मग दाहीं बोटें एकामागून एक. बाईनें त्रेचाळीस वर्षें विड्या वळल्या होत्या, आणि बोटांवरील रेघा पानांवर झिजून गेल्या होत्या. यंत्राच्या लेखीं ती आलीच नव्हती.

मग मॅडमनीं दोघींस प्रश्न केले. जन्मतारीख पुसली. पहिली म्हणाली, "एक जून एकोणीसशे चोपन्न." दुसरी म्हणाली, "मोठा पूर आला ना, त्याच्या पुढच्या पेरणीला." गट नंबर पुसला. पहिलीनें पोटहिश्श्यासह सांगितला. दुसरी म्हणाली, "चिंचेपासून वहिदाच्या भिंतीपर्यंत." पति कधीं वारले, हें पुसलें. पहिलीनें तारीख आणि वेळ सांगितली. दुसरी म्हणाली, "भाकरी तव्यावर होती. तारीख नाही बघितली." मॅडमनीं कागदावर मांडिलें: पहिली तीनपैकीं तीन, दुसरी तीनपैकीं शून्य. पहिली अभ्यास करून आली होती. दुसरी नुसती जगली होती.

दलालाचा चेहरा उजळला. मॅडमनीं शेवटचें पुसलें, "माहेरचं नाव?" दुसरीनें तोंड उघडण्याआधीं पहिली म्हणाली, "भिवरा सयाजी खैरे. लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्यानं चंपावती लिहिलं. माहेर विडी कारखान्याच्या मागच्या गल्लीत."

सोपानराव चहाकडे निघाले होते ते दारांत थांबले. "कोण भिवरा? आमची भिवराआक्का?" त्याचें कारण ऐसें कीं ती गल्ली त्यांचीच. त्यांची आई आणि भिवराआक्का एका ओट्यावर विड्या वळीत. आक्का लग्नानंतरही रोज त्या ओट्यावर येत असे, आणि त्या गल्लींत ताटांतलें नांव कोणी घेत नसे. आई आठ महिने दवाखान्यांत होती तेव्हां सोपानराव आक्काच्या हातचें जेवले होते. पुढें ते गांवाच्या दुसऱ्या टोकास राहावयास गेले. चंपावती हें नांव त्यांनीं पाव तासापूर्वीं प्रथम पाहिलें, आणि त्याखालीं सही केली. मग त्यांनीं रीत मोडून तोंडाकडे पाहिलें. आधीं पहिलीच्या, मग दुसरीच्या.

दुसरी म्हणाली, "मघापासून उभी आहे, सोप्या वर बघेल म्हणून. दोन-दोन पेनं लावतोस, आणि मान वर होत नाही होय रे?"

मॅडम म्हणाल्या, "उंडे, तुम्ही तर लिहून दिलंत, त्या बाईंना व्यक्तिशः ओळखता म्हणून."

"ते व्यक्तिशः होतं, मॅडम," सोपानराव म्हणाले. "ह्यांना मी ओळखतो."

"जबाब लिहावा लागेल. गुन्हा तुमच्यावरही येईल."

सोपानरावांनीं बाहेर टपरीकडे पाहिलें, आणि आक्काच्या बोटांकडे पाहिलें, आणि म्हणाले, "लिहा."

तोंवर दलाल मोबाईलवर बोलत बोलत निघून गेला, आणि दुसरा ओळखदारही गेला. आतां आक्काची हरकत नोंदवावयाची तरी दोन ओळखदार पाहिजेत, आणि होता एक. तेव्हां पहिली बाई खुर्चींतूनच म्हणाली, "मी देते ओळख. तीन महिने हिच्या ओट्यावर भाजी निवडली. हिला माझ्याइतकं इथं कोण ओळखतं?"

आक्का म्हणाली, "मेथी निवडता निवडता घर न्यायला बसली होतीस, भवाने."

मॅडमनीं नियम पाहिला. मनाई आढळली नाहीं. मात्र ओळखदाराचीही ओळख पाहिजे होती. "तुमचं खरं नाव?" बाई म्हणाली, "शेवंता गाडेकर. माझं कार्ड दलालाकडं राहिलं." "तुम्हाला इथं कोण ओळखतं?"

मग आक्का म्हणाली, "लिहा माझं. नाव खोटं सांगितलं हिनं, पण बाई हीच."

मॅडमनीं सोपानरावांचा जबाब लिहिला, दोघींनीं एकमेकींची दिलेली ओळख लिहिली, आणि मग पोलिसांस फोन केला.

एकूण वर्तमान ऐसें: शिक्का उमटला नाहीं, घर चिंचेपासून वहिदाच्या भिंतीपर्यंत होतें तेथें राहिलें. सोपानरावांवर गुन्हा नोंदला. त्यांच्या जुन्या अकरा हजार ओळखी दरबारानें पुन्हा काढून पाहिल्या नाहींत. एकोणीस वर्षांत त्यांनीं पटविलेली ओळख एक, आणि ते दिवशीं चहा निवला.