पुलाच्या उपासनेचा तास

आमच्या गावच्या पुलानं वैशाखात धर्म स्वीकारला आणि तसं नगरपालिकेला तोंडी कळवलं.

कोणता, ते सांगायला मात्र त्यानं नकार दिला. गावाला घोर लागला. मला जरा जास्तच, कारण माझी बहीण मंदाकिनी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दवाखाना नदीपलीकडे. पूल आपल्या धर्माचा निघाला की गंगेत घोडं न्हालं, असं मी मनाशी धरून होतो. घरोघर हेच चाललं होतं, फक्त 'आपला' प्रत्येकाचा वेगळा.

मुख्याधिकारी सोनटक्केबाईंनी पुलावरच खुर्ची टाकून सुनावणी घेतली.

"सरकारी पुलाला कसला आलाय धर्म?" आमचे आरोग्य निरीक्षक ओरडले.

"तुम्हीही सरकारीच की," पूल म्हणाला. "तुम्हाला चालतो ना?"

निरीक्षक खाली बसले.

"तुझा धर्म तुझ्यापाशी," बाई म्हणाल्या. "कामावर असताना तो आणायचा नाही आणि दुसऱ्याचा विचारायचा नाही."

"पण मी कामावर नसतो कधी?"

हा मुद्दा रास्त होता. बाईंनी पहाटे तासभर सुट्टी मंजूर केली.

तेव्हापासून पहाटे पूल मधला भाग उंच उचलून गप्प राहू लागला. आई म्हणे, हात जोडलेत. पाववाले काशिमभाई म्हणत, दुआ मागतोय. रिक्षावाल्या डॅनियलला त्यात गुडघे टेकलेला माणूस दिसे.

मंदाकिनीला कळा नेमक्या त्याच तासात सुरू झाल्या. डॅनियलच्या रिक्षातून आम्ही काठाशी आलो, तर पूल वर. मंदाकिनी ओरडत होती आणि आई माझ्याकडे बघत होती. काय म्हणून हाक मारावी? मी आमच्या देवाचं नाव घेतलं, मग डॅनियलच्या, मग काशिमभाईंच्या. न जाणो, एखादं लागू पडायचं.

पूल सावकाश खाली आला.

"किती जण?" एवढंच त्यानं विचारलं.

"चौघं, आणि रिक्षा."

"येताना पाच असाल. हळू चालवा."

मला रडू आलं. डॅनियलनं रिक्षा पुलावर घातली.

मोडलेला तास पुलानं दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे भरून घेतला. दोन्ही काठांवर माणसं खोळंबली, पण कुणी तक्रार केली नाही. त्यांच्यात मी भाचीचे पेढे वाटत होतो.