सूर्यचुलीचं झाकण

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मार्चात आनंदरावांनी एक फॉर्म भरायचा नाही असं ठरवलं. बस, एवढंच. फॉर्म विजेच्या मीटरचा होता. मनीषनगरच्या पलीकडे त्यांनी प्लॉट घेतला होता आणि विजेचे खांब त्याच्या अर्धा मैल अलीकडेच दमून उभे राहिले होते. ते पुढे सरकावेत म्हणून कायकाय जोडायचं ती यादी वाचली आणि आनंदराव काउंटरवर कडाडले, "नाई पाहिजे मले तुमची लाईट!" (काउंटरवरच्या बाबूला काही फरक पडला नाही. तो डबा खाऊन राहिला होता.)

आता हे आनंदराव कोण, तर बांधकाम खात्यातले ड्राफ्ट्समन. अठ्ठावीस वर्षं साहेबलोकांचे बंगले कागदावर उतरवले आणि स्वतः लकडगंजात भाड्याच्या दीड खोलीत राहिले. असा माणूस एकदा स्वतःसाठी पेन्सिल उचलतो म्हटल्यावर विचारता काय! वर्षभरात घर उभं राहिलं, आणि खरं सांगतो, मानलं पाहिजे गड्याला. दोनच खोल्या. दीड हात जाड मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, गार हवा खालून आत यावी आणि गरम हवा वरच्या झरोक्यातून निमूट बाहेर जावी अशी तजवीज. पावसाचं पाणी टाक्यात, आंघोळीचं पपईला. शेजारच्या नत्थूजी गवळ्याच्या म्हशींचं शेण गोबरगॅसच्या खड्ड्यात, अन् त्या गॅसवर संध्याकाळी जेमतेम एक दिवा.

आणि अंगणात सूर्यचूल. ही म्हणजे आतून काळी रंगवलेली पेटी, वर काचेचं झाकण, त्याला टेकून आरसा. सकाळी दहाला डाळ-तांदळाचे डबे ठेवायचे, दुपारी साडेबाराला जेवायला बसायचं.

सुमतीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे सगळं आवडलं होतं. पण त्यांची एक अट होती.

"लाईट नसली तरी चालते मले," त्या म्हणाल्या. "पण माह्या दादानं हसू नये. त्याले जेवाले बोलवा. तो खुश होऊन गेला तर मी इथं जन्मभर राहीन. हसला, तर प्लॉट विका आणि चला लकडगंजात."

दादा म्हणजे रुपराव. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी. विजेशिवाय माणूस जगतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. एप्रिलातल्या एका रविवारी ते बायको सिंधूताई आणि घरची आठ माणसं घेऊन आले. बगलेत घरभरणीचा आहेर होता, टेबलफॅन.

"जवाईबुवा, प्लग कुठं हाय?"

"नाई जी."

"प्लग नाई?" रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. ते अजून हसले नव्हते, पण मिशी हलायला लागली होती.

"आज ना काडी, ना रॉकेल, ना गॅस," आनंदरावांनी जाहीर केलं. "आज सूर्य सैपाक करून राहिला!" (घरातलं होतं नव्हतं ते रॉकेल त्यांनी आदल्याच दिवशी नत्थूजीला देऊन टाकलं होतं. माणूस तत्त्वाचा.)

"खरंच शिजते का गा?"

"पाहा न!" आनंदरावांनी झाकण उचललं. वाफेनं चष्मा धुकट झाला. रुपरावांनी बोट घालून पाहिलं आणि हात झटकला. "बाप्पा! गरम हाय!"

हे ऐकून सिंधूताई आल्या. त्यांच्यासाठी झाकण उघडलं. "अवं माय, अंगार नाई न काई नाई!" मग एकेक करून आठही जण आले. मग नत्थूजी आला. त्याच्या मागून त्याची बायको आली, कारण नत्थूजीवर तिचा विश्वास नव्हता. प्रत्येकजण तोंड भरून कौतुक करी, आणि आनंदराव फुलून जाऊन "या न, पाहा न!" म्हणत पुन्हा झाकण उचलीत. मधे कोणी आलं नाही, तर आपलं कौतुक आपणच करावं म्हणून स्वतःच उघडून पाहत. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या नक्ष्याला कोणी "वा" म्हटलं नव्हतं हो! एकाच सकाळी एवढे वा मिळाल्यावर माणसाला भान राहतं का?

साडेबारा वाजले. एक वाजला. डाळ पाण्यात खडखडत होती.

रुपराव हळूच म्हणाले, "सुमे, चुपचाप स्टोव्ह पेटव."

"रॉकेल नाई," आनंदराव म्हणाले. त्यांचा आवाज आता नक्ष्यावरच्या फिकट रेघेसारखा येऊन राहिला होता.

रुपरावांची मिशी थरथरली. सुमतीबाईंचा चेहरा उतरला. आनंदरावांना समोर लकडगंजातली दीड खोली दिसायला लागली, तिच्या पोपडे आलेल्या भिंतीसकट.

पण सुमतीबाई कंबर कसून उठल्या. "सगळे आत चला. बाहेर काहून तळून राहिले? मठ्ठा घ्या, चटईवर टेका."

बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन. आत पाय ठेवला आणि सगळ्यांचं पदरानं-रुमालानं वारा घेणं थांबलं. भिंती गार, जमीन गार, खालच्या झरोक्यातून वाऱ्याची झुळूक. रुपरावांनी मठ्ठ्याचा गिलास रिकामा केला, चटईवर जरा पाठ टेकली आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. मागोमाग सगळी मंडळी आडवी झाली.

आनंदराव चवड्यांवर दाराकडे निघाले.

"कुठं?" सुमतीबाईंनी हटकलं.

"अवं, एकदा फक्त पाहून…"

"बसा. सकाळपासून चष्मा किती वेळा पुसला मी मोजलं नाई काय? माणसाच्या अंगावरचं पांघरूण कोणी घडीघडी ओढलं तर त्याले झोप लागते? त्या डाळीचं तेच करून राहिले तुम्ही."

आनंदराव बसले. (खाली मान घालून. चष्मा पुसायचाही धीर झाला नाही.) सुमतीबाई दोनदा बाहेर गेल्या, आरसा उन्हाकडे फिरवला, झाकणाला हात लावला नाही आणि परत आल्या.

चार वाजता झाकण उघडलं. वरण मऊसूत, भात मोकळा, आलू-वांग्याची भाजी अशी की वासानंच घोरणं थांबलं. रुपराव तीनदा भात घेऊन जेवले, ढेकर दिली आणि गार भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, "जवाईबुवा, तीस वर्षं वीज बनवून राहिलो, पण माह्या क्वार्टरात भर दुपारी अशी झोप नाई लागली कधी. मलेही असंच घर काढून द्या."

सुमतीबाईंचे डोळे भरून आले. "हे घर विकायचं नाई," त्या म्हणाल्या. आनंदरावांना काय करावं कळेना. सुखानं ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण पाहुणे होते, म्हणून त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"पण दादा," सुमतीबाई म्हणाल्या, "ह्यायच्या नक्ष्यात एक खोली राहून गेली हाय. तेवढी तू आधीच काढून घे."

"कोणती वं?"

"रविवारी दहा ते साडेबारा नवऱ्याले कोंडून ठेवाची."

रुपरावांनी गंभीरपणे मान हलवली. "कडी बाहेरून?"

"बाहेरून."

आनंदरावांनी कागद पुढे ओढला. अठ्ठावीस वर्षांची सवय. काम सांगितलं की हात चालायला लागायचा. "आठ बाय सहा पुरे होईल?"

"होईल," सुमतीबाई म्हणाल्या. "पण खिडकी अंगणाकडे नको."