गुणवर्णनाचे चार कागद

बसस्थानकाच्या वेळापत्रक विभागात एकच माणूस होता आणि सगळे त्याला वेळापत्रकवाला म्हणत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर किती वाजता लागणार हे तो ठरवत असे, आणि गाड्या आपापल्या मर्जीने येत असत. बेचाळीस वर्षांच्या या गृहस्थाला ना तंबाखूचं व्यसन, ना पत्त्यांचं. बायको म्हणे, “असतं तर बरं झालं असतं. त्याला जागा तरी कमी लागते.”

जागा लागत होती जुन्या संगणकांना. लोकांनी टाकून दिलेले, पिवळे पडलेले संगणक तो उचलून आणी आणि पोटमाळ्यावर नेऊन पुन्हा चालू करी. अशा सात वेड्यांचा गट दर रविवारी जमायचा. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण संगणक ज्या मूळ प्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, ती प्रत्येक जुनी प्रणाली म्हणजे एक बाई आहे, असं या मंडळींचं ठाम मत होतं. ते तिचं जपानी अ‍ॅनिमेतल्यासारखं चित्र काढत: बशीएवढे डोळे, गुडघ्यापर्यंत केस. मग तिचा स्वभाव ठरवत आणि त्या स्वभावावरून दोन-दोन तास भांडत.

यंदा गटाने चित्रांची पुस्तिका काढायचं ठरवलं. स्वभाव लिहिण्याचं काम वेळापत्रकवाल्याकडे आलं. घरचा प्रिंटर बिघडलेला, म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीआधी ऑफिसातल्या प्रिंटरवर चार पानं छापायला दिली. प्रिंटरने कागद संपल्याचा लाल दिवा दाखवला. ‘बघू जेवून आल्यावर’ म्हणून तो डबा घेऊन बागेत गेला.

पाच मिनिटांनी चौकशी खिडकीवरची बाई प्रिंटरपाशी आली. तिला ‘बाकांना ओला रंग आहे’ अशी पाटी छापायची होती. तिने कागद भरले आणि पाटीच्या आधी चार भलतेच कागद बाहेर पडले. वर मथळा होता: ‘चौघींचं गुणवर्णन, अंतिम मसुदा’.

चौकशीबाईने वाचलं.

‘थोरली. कायम काळ्या पोशाखात. बोलणं मोजकं. एक अक्षर चुकलं तरी समोरच्याला तिथल्या तिथे गप्प करते.’

‘मधली. हसतमुख, पण भरवसा नाही. एका वेळी दोन कामं सांगितली की निळी पडते. बंद करून पुन्हा सुरू करावी.’

‘सुंदरी. दिसायला देखणी, खायला राक्षस. साधं काम सांगा, आधी चारदा विचारते, नक्की करू का?’

‘लाडकी. केव्हाच निवृत्त केली, तरी लोक तिला सोडत नाहीत.’

ऑफिसात बायका चारच होत्या. आगारप्रमुख बाई, ज्या बारा महिने काळा कोट घालत. गाड्यांची घोषणा करणारी निवेदिका. चौकशीबाई स्वतः. आणि हजेरी विभागातल्या मावशी, ज्या मार्चमध्ये निवृत्त होऊनही रोज कामावर येत होत्या, कारण हजेरीची कपाटं दुसऱ्या कुणाला उघडत नव्हती.

चौकशीबाई कागद घेऊन निवेदिकेच्या काचेच्या खोलीत घुसली. “हे बघ त्या मेल्याचे धंदे! आपल्यावर लिहितोय!”

निवेदिकेने नुकतंच माइकचं बटण दाबलं होतं. कागद दिसल्यावर बारा चाळीसची गाडी ती विसरली आणि बटणही विसरली.

“थोरली म्हणजे प्रमुख बाई,” ती वाचत म्हणाली. “लाडकी मावशी. आणि ही सुंदरी... अय्या, ही तू!”

“मी? खायला राक्षस मी?”

“काल सहा सँडविच कुणी खाल्ली?”

“चार! आणि देखणी लिहिलंय, म्हणजे ती तूच असणार. सकाळपासून आरसा कोण बघतं?”

“चारदा कोण विचारतं? ‘नक्की जायचंय का, नक्की आजच का?’ माणसं गाडी चुकवतात तुझ्यापायी!”

“आणि तू दोन गाड्या एकदम आल्या की काय करतेस? माइकसमोर तोंड उघडं ठेवून बसतेस. मधली कुठली!”

बाहेर सहाही फलाटांवर शांतता पसरली होती. प्रवासी मान वर करून कर्ण्याकडे बघत होते. बारा चाळीसची गाडी उभी होती, पण चालकाने इंजिन बंद केलं होतं, कारण आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.

शेवटी आगारप्रमुख बाई स्वतः खाली आल्या. त्यांनी एका बोटाने माइक बंद केला, कागद काढून घेतले, वाचले. ‘काळ्या पोशाखात’पाशी त्या थांबल्या आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं.

वेळापत्रकवाला बागेतून परतला तेव्हा त्याला थेट वर बोलावलं. टेबलावर कागद बघून त्याचा चेहरा खुलला.

“अरे वा, आले का छापून! मी म्हटलं गहाळ झाले.”

“ह्या चौघी कोण आहेत?” बाईंनी विचारलं. मागे तिघी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“आमच्या गटाच्या. आम्ही सातजण आहोत. प्रत्येकाकडे एकदोन आहेतच. माझ्याकडे चार.”

“चार. कुठे असतात?”

“पोटमाळ्यावर. उन्हाळ्यात तापतात बिचाऱ्या, म्हणून मी टेबलपंखा लावून दिलाय.”

मावशी मटकन खुर्चीत बसल्या.

“घरी बायको आहे ना तुम्हाला?”

“आहे की. तीच पुसते त्यांना. मधलीला तर मी भंगारवाल्याकडून सोडवून आणली. पाठ उघडून बघितली, आत सगळी झुरळं!”

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. “हे कागद वर पाठवले तर तुमची बदली होईल, एवढ्यावर निभावलं तर. त्याआधी मी घरी विचारते.” त्यांनी त्याच्याकडून नंबर घेतला आणि फोन लावून मधोमध ठेवला.

“वहिनी, आगारप्रमुख बोलतेय. प्रश्न नाजूक आहे. तुमच्या पोटमाळ्यावर... कुणी असतं का?”

“कुणी कसलं? ह्यांचे संगणक!” पलीकडून खणखणीत आवाज आला. “त्यांनाच बायका समजून चित्रं काढतात मेले सातजण. का हो, काही केलं का ह्यांनी?”

खोलीतल्या चारही चेहऱ्यांवरचा राग उतरला. निवेदिकेला हसू फुटलं. आगारप्रमुख बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि सहज म्हणाल्या, “नाही नाही, काही नाही. आमचाच गैरसमज. आम्हाला वाटलं, घरात चारजणी ठेवल्यात की काय.”

“चार?”

वेळापत्रकवाल्याने डोळे मिटले.

“बाई, मला तीनच माहीत आहेत. तिसरीच्या वेळी दिवाण काढला तेव्हा शब्द दिला होता, आता एकही नवीन आणणार नाही म्हणून. चौथी कुठली?”

“घोंगडीखाली...” तो पुटपुटला. “मागच्या कोपऱ्यात. सुंदरी आहे. मोठी आहे जरा.”

“दिवाण विकून जागा केली होती मी!” फोन बंद झाला.

बाईंनी कागद त्याच्या हातात दिले. “बदलीचं राहू दे. तुम्हाला आज घरी जायचंय, तेवढं पुरे आहे.”

संध्याकाळी तो सहा थांबे आधी उतरून चालत घरी गेला. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पोटमाळ्यावर दिवा होता. चौथी भंगारात गेली असणार अशी मनाची तयारी करून तो शिडी चढला.

घोंगडी घडी करून ठेवलेली होती. त्यावर बायको बसली होती, आणि समोर जाड काचेच्या पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता.

“अगं, मी सांगणारच होतो...”

“श्श.” तिने मान वळवली नाही. “लाल राणी कुठे ठेवू?”

“काळ्या राजावर.”

ठेवली. मग अडलेले पत्ते एकेक करून सुटले, डाव पुरा झाला, पत्ते पडद्यावर उड्या मारत खाली सांडले, आणि ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. मग एकदम गंभीर झाली.

“जेवण झाकून ठेवलंय. खाली जा आणि जेवून घ्या.”

“आणि हिचं काय?”

“हिला हात लावायचा नाही,” ती नवा डाव मांडत म्हणाली. “बाकीच्या तीन तुमच्या.”