गोदाक्कांचे परकर

कापड घेऊन आलेल्या बाईला गोदाक्का आधी अंगणात तीन फेऱ्या मारायला लावायच्या. स्वतः उंबऱ्यात बसून पाठीमागून निरखायच्या, आणि म्हणायच्या, "कळलं. आता बस."

"आणि टेप?" मी एकदा विचारलं.

"टेप उभ्या बाईचं माप घेती. बाई कधी उभी ऱ्हाती व्हय?"

भोरला तेव्हा संस्थान होतं. शिंपी होते, पण परकर शिवायला बायका माझ्या शेजारणीकडेच, गोदाक्कांकडे यायच्या. रुंद कमरेला चुण्या मागे, सपाट. काटकुळीला चहूकडून दाट. पोटुशीला पुढच्या चुण्या नुसत्या टाचलेल्या, महिन्यागणिक उसवायला. कुणी स्वतःला जाड म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कंबर बेस हाय. कापडच मेल्यांनी अरुंद विणलंय!"

एकदा पासली गावची एक बाई लेकीला, सोनीला, घेऊन आली. लहानपणीच्या दुखण्यात सोनीचा डावा पाय आखूड राहिलेला. परकर त्या बाजूला लोळायचा, पायात यायचा. दोन स्थळांनी नकार दिला होता. मायलेकी आमच्याकडे उतरल्या होत्या, म्हणून तिसरं दोन दिवसांनी आमच्याच ओसरीवर बघायला येणार होतं.

"आक्का, असा शिवा, की लंगडणं दिसूच नये," सोनीची आई म्हणाली.

"तसला म्या न्हाई शिवत." गोदाक्कांनी कात्री खाली ठेवली. आई रडायला लागली. तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पोरी, तू चाल."

सोनीचं तीन फेऱ्यांवर भागलं नाही. दहा फेऱ्या झाल्या. मग गोदाक्कांनी डावीकडची कड उचलून घेतली, त्याच बाजूला चार चुण्या जास्त घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी परकर तयार.

पाहुणे आले. गोदाक्का आल्या नाहीत. त्या विधवा, शुभकार्यात पाऊल टाकत नसत.

"चालून दाव गं," मुलाची आत्या म्हणाली. सोनी उठली. भिंतीला हात न लावता ओसरीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. लंगडणं सगळ्यांना स्वच्छ दिसलं.

"भाताच्या खाचरात बी अशीच चालती म्या," ती म्हणाली.

मुलगा हसला. "चिखलात मी तर आडवाच होतो!"

स्थळ ठरलं. मी पळत जाऊन गोदाक्कांना सांगितलं.

"ते ऱ्हाऊ दे. पडली न्हाई न्हवं?"

मी उत्तर देईपर्यंत सोनीच दारात आली, धापा टाकत. "आक्का, मला पयली हळद तुमी लावायची."

"येडी का खुळी? म्या हळद लावायची?"

"तुमी आल्याबिगर म्या पाटावर बसायची न्हाई."

गोदाक्का खाली बसल्या, सोनीच्या परकराची कड हातात घेतली, आणि सरळच असलेली ती कड कितीतरी वेळ सरळ करत राहिल्या.