पुंगळीचं बूड

सरोजताईंना फुलदाणी सरळ बघवत नाही. फुलदाणी पितळेची, उंच आणि नळीसारखी असली की त्या ती उचलतात आणि उलटी करतात. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हेच केलं. निशिगंधाच्या काड्या, पाणी, तळाला टाकलेलं एक रुपयाचं नाणं, सगळं भटजींच्या उपरण्यावर. ताई मात्र चष्मा कपाळावर चढवून बूड वाचत होत्या. "कॅनडा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही हिच्यात पाणी घालता. लाज वाटायला हवी."

सरोज कांबळे आमच्या पिंपळे गुरवच्या इमारतीत माझ्या शेजारी राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या. यजमान तोफखान्यात हवालदार. ते जाऊन काही वर्षं झाली. तोफगोळा उडाल्यावर मागे उरते ती पितळेची पुंगळी वाचायला त्यांनीच ताईंना शिकवलं. लष्कराच्या भंगारातून अशा पुंगळ्या बाजारात येतात आणि लोक त्यांच्या फुलदाण्या करतात, छत्र्या ठेवतात. पण बुडावर शिक्के असतात. नुसता बाण असेल तर इंग्रज सरकार, बाण सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा, बाणाखाली आय असेल तर आपल्याकडच्या कारखान्यातली. शिवाय साल, तोफेचं माप, पुन्हा भरल्याच्या खुणा.

हे ज्ञान पचवून माणूस शांत होईल असं वाटतं ना? ताई चिडतात. पुंगळी चिंचेने घासून चकचकीत केलेली दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडते. "जन्मदाखला पुसला मेल्यांनी," म्हणतात. हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही त्यांना जेवायला घेऊन गेलो होतो. तिथे पुंगळीच्या बुडाला भोक पाडून वायर घातली होती, वर दिवा. भोक नेमकं सालावर. ताईंनी मॅनेजरला बोलावून घेतलं, आणि ताटं येण्याआधी आम्ही सगळे बाहेर रस्त्यावर. माझ्या पोरांनी त्या दिवशी गाडीत बसून वडापाव खाल्ला. पिंपरी कॅम्पातल्या एका जुन्या सामानवाल्याने त्यांना पेशव्यांच्या तोफेची म्हणून एक पुंगळी दाखवली. ताईंनी त्याला विचारलं की पेशवे इंग्रजीत शिक्के मारत होते का. तेव्हापासून तो त्यांना लांबून बघूनच शटर अर्धं खाली ओढतो.

खरं सांगू का, मलाही त्यांचा राग यायचा. माणसाच्या घरी जाऊन त्याच्या वस्तूचं कूळ काढायचं, वर तोंडावर सांगायचं, ही कुठली रीत? पुनावळ्याला तर एका क्षणी मी ठरवून टाकलं होतं की ह्यांना पुन्हा कुठे न्यायचं नाही.

चाकणला माझ्या कंपनीत सचिन नावाचा पोरगा आहे, पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातला. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले होते. तिथून त्यांनी आणलेली पुंगळी त्यांच्या फोटोपुढे असते. सचिनचे वडील तात्या घरापुढे कमान बांधत होते आणि तीत ती पुंगळी काचेत बसवायची होती. खाली पाटी हवी, म्हणून ताईंनी येऊन शिक्के वाचावेत, असा निरोप आला. मी त्यांना घेऊन गेलो.

पाहुणे जमलेले, चहा झालेला. ताईंनी पुंगळी उलटी केली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, ही ब्रह्मदेशातली नाही. इथलीच आहे आणि स्वातंत्र्यानंतरची आहे.

तात्या ताडकन उठले. "म्हंजी आमचा आज्जा खोटं बोलला व्हय?"

"आजोबांचं मला माहीत नाही. साल इथे कोरलेलं आहे."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. तात्यांनी मला फैलावर घेतलं, ही बाई कोण लागून गेली, हिला कशाला आणलं. ताईही मागे हटेनात. खोटी पाटी लावली तर मी येऊन काढीन, असं त्यांनी पाहुण्यांदेखत सांगितलं. मी मान खाली घालून चपला शोधत होतो.

तेवढ्यात आतल्या दारातून तात्यांची आई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. त्या जोत्याशी टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई खरं बोलती. ती पुंगळी मी आणलीया."

आक्का नुकत्याच लग्न होऊन आल्या तेव्हा दारावर मोडवाला आला होता. अडगळीतलं जुनं पितळ देऊन त्यांनी नवी कळशी घेतली. त्या पितळेत सासऱ्यांची पुंगळी गेली. सासूने कपाळावर हात मारला. लढाईवर सासऱ्यांच्या शेजारी उभा असलेला जोडीदार ज्या दिवशी गेला, त्या दिवसाची ती होती. सासूसुना त्याच दुपारी पिंपरी कॅम्पात गेल्या, तसल्याच उंचीची एक शोधली आणि जागेवर ठेवून दिली.

"सांजच्याला मामंजी आलं," आक्का म्हणाल्या. "त्यांनी ती हातात घेतली. उलटी केली, बघितली. मग त्यांनी ती धोतरानं पुसली, परत ठेवली आन् म्हनाले, सूनबाई, वाढा. मरस्तवर त्यांनी तिला रोज हात जोडलं. मला कदी शब्द न्हाई इचारला."

तात्या खाली बसले. मला वाटलं, ताई आता काहीतरी तिखट बोलतील. त्यांनी पुंगळी पदराने पुसली आणि फोटोपुढे नीट ठेवली. आक्कांच्या पाया पडल्या. तात्यांना एवढंच म्हणाल्या, पाटीवर फक्त आजोबांचं नाव घाला.

परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आपणहून बोलल्या. यजमान गेल्यावर त्या बहिणीकडे सोलापूरला राहिल्या होत्या. तेवढ्यात मुलाने आईला बरं वाटावं म्हणून घराला रंग लावून घेतला आणि अडगळ भंगारवाल्याला दिली. तीत यजमानांची पुंगळी होती, त्यांच्या तोफेची, ज्या पुंगळीवर ताई वाचायला शिकल्या ती. मुलाला त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. तो बंगळूरला असतो, उगाच जिवाला लावून घेईल.

"तिचे शिक्के मला पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणून दिसेल ती उलटी करून बघते. तुम्हा सगळ्यांना वाटतं म्हातारीला वेड लागलंय."

मी गाडी चालवत राहिलो. पुढे उजवीकडे पिंपरीचा रस्ता आला.

"संदीप, मी दुसरी आणली तर ह्यांना चालेल का रे?"

पिंपरीकडे वळू का, एवढंच मी विचारलं.

"नको, आज नको," त्या म्हणाल्या. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "रविवारी जाऊ. तू असशील ना?"